लग्नाच्या कामासाठी पहिला कॅमेरा: रिफर्बिश्ड की नवा?

शहादा तालुक्यातील एका तरुण छायाचित्रकाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षे एका ज्येष्ठ छायाचित्रकाराकडे साहाय्यक म्हणून काम केल्यानंतर आता तुळशीच्या लग्नानंतरच्या हंगामात त्यांना स्वतःच्या ऑर्डर घ्यायच्या आहेत. हातात 80 हजार रुपये आहेत आणि फ्लॅश त्यांच्याकडे आधीपासून आहे. या पैशात किट लेन्ससह (कॅमेऱ्यासोबतच मिळणारी साधी लेन्स) नवा, क्रॉप सेन्सरचा (फोटो टिपणारी चिप लहान असलेला) मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा येतो. दुसरीकडे मुंबईतील एक विक्रेता निकॉन डी750 हा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा 24-120 मिलिमीटरच्या झूम लेन्ससह 62 हजारांत, 'रिफर्बिश्ड, शटर काउंट 38 हजार, सात दिवसांची गॅरंटी' असे सांगून देत आहे; शटर काउंट म्हणजे त्या कॅमेऱ्याने आतापर्यंत काढलेल्या फोटोंची संख्या. यातले काय घ्यावे?

तुम्ही प्रश्न नवा की जुना असा मांडला आहे. माझ्या मते तुमच्यापुढची खरी अडचण वेगळी आहे. लग्नाचे काम दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येत नाही. मंगलाष्टके चालू असताना कॅमेरा बंद पडला, तर तो नवा होता की जुना, वॉरंटीत होता की नव्हता, याने वधूपित्याला काहीही फरक पडत नाही. वॉरंटी कॅमेरा दुरुस्त करून देते, गेलेला मुहूर्त परत देत नाही. त्यामुळे 80 हजारांत सर्वांत चांगला कॅमेरा कोणता, यापेक्षा 80 हजारांत कामाच्या दिवशी हात रिकामा राहणार नाही अशी व्यवस्था कशी करायची, हे ठरवले पाहिजे. मी पुढे जे लिहीत आहे ते याच दृष्टीने. मी जळगावात लग्नाची कामे करतो आणि त्याबरोबर खानदेशातील छायाचित्रकारांचे जुने कॅमेरे तपासून देण्याचे व किरकोळ दुरुस्तीचे कामही बऱ्याच वर्षांपासून करतो, त्यामुळे विकत घेण्याआधीचे आणि बंद पडल्यानंतरचे असे दोन्ही वेळचे कॅमेरे माझ्या टेबलावर येतात.

आधी 'रिफर्बिश्ड' म्हणजे काय ते स्पष्ट करून घेऊ. अमेरिकेत कॅनन आणि निकॉन या कंपन्या स्वतः रिफर्बिश्ड कॅमेरे विकतात. ग्राहकाने परत केलेला किंवा दुकानात मांडलेला कॅमेरा कंपनीच्या तंत्रज्ञांनी तपासून, गरज असेल तिथे सुटे भाग बदलून, मर्यादित वॉरंटीसह पुन्हा विक्रीला ठेवलेला असतो. आपल्याकडच्या बाजारात मात्र याच नावाखाली जे कॅमेरे माझ्यापर्यंत येतात, ते बहुतेक वेळा विक्रेत्याने विकत घेतलेले, बाहेरून पुसलेले, सेन्सर साफ केलेले आणि चालू करून पाहिलेले वापरलेले कॅमेरे असतात. यात फसवणूक असतेच असे नाही, आणि मुंबईच्या बोरा बाजारात पिढ्यान्‌पिढ्या सचोटीने हा व्यवसाय करणारी दुकाने आहेत. पण कंपनीची तपासणी आणि दुकानदाराची तपासणी यांत मोठे अंतर आहे. म्हणून त्या शब्दाला वेगळी किंमत देऊ नका. तुमच्यासमोर एक वापरलेला कॅमेरा आहे आणि त्याच्यामागे सात दिवस उभा राहणारा एक विक्रेता आहे, एवढेच गृहीत धरा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही प्रश्नात लिहिलेल्या नाहीत. तुमच्या ऑर्डरमध्ये व्हिडिओ किती आहे, हे सर्वांत महत्त्वाचे. निकॉन डी750 हा 2014 चा कॅमेरा आहे. त्यात फोर-के नाही, फुल एचडी व्हिडिओ मिळतो, आणि व्हिडिओ घेताना त्याचा ऑटोफोकस संथ व चाचपडणारा आहे. ज्यांच्याकडे निम्मे काम रील आणि सिनेमॅटिक व्हिडिओचे आहे, त्यांच्यासाठी तो योग्य नाही. त्यांनी मिररलेसच घ्यावा. दुसरी गोष्ट पैशाच्या स्वरूपाची. नवा कॅमेरा हप्त्याने मिळू शकतो, जुन्यासाठी बहुधा रोख मोजावी लागते. तुमचे 80 हजार स्वतःचे असतील तर प्रश्न नाही, पण त्यातला काही भाग घरच्यांकडून किंवा उसना घेतलेला असेल तर पहिल्या हंगामाची मिळकत आणि परतफेड यांचा हिशोब कागदावर मांडा. जीएसटीचा मुद्दा तुम्हाला सध्या लागू नाही. नव्या कॅमेऱ्यावरचा 18 टक्के कर नोंदणीकृत व्यावसायिकाला इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे स्वतःला भरायच्या करातून वजा करून, मिळू शकतो, पण सेवा व्यवसायात 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणीची गरज पडत नाही.

पुढचे सगळे, तुमचे मुख्य काम स्थिरचित्रांचे आहे असे धरून लिहितो.

एकच नवा कॅमेरा घेण्यात काय उणे राहते ते पाहू. या किमतीच्या मिररलेस कॅमेऱ्यांमध्ये बहुधा एकच कार्ड स्लॉट असतो, म्हणजे लग्नाची एकमेव प्रत एका लहानशा कार्डावर असते. त्यांच्या किट लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र झूम केल्यावर अनेकदा एफ 6.3 पर्यंत लहान होते (एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). मांडवातल्या किंवा मंगल कार्यालयातल्या अपुऱ्या प्रकाशात हे फार अडचणीचे आहे, कारण एफ 1.8 ची साधी 50 मिलिमीटरची लेन्स त्याच्या सुमारे बारा पट प्रकाश आत घेते. बॅटरी एका चार्जमध्ये साधारण तीनशे-चारशे फोटो देते, तर डी750 ची बॅटरी प्रमाणित चाचणीनुसार 1,230. आणि शेवटचे कारण आपल्या हवामानाचे आहे. बहुतेक कंपन्या कॅमेऱ्याच्या वापराची तापमानमर्यादा 0 ते 40 अंश अशी देतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपासची आपल्याकडची दुपार 43-44 अंशांची असते, आणि वरात तेव्हाच निघते. सतत सेन्सर आणि पडदा चालू ठेवणारा लहान बॉडीचा मिररलेस कॅमेरा अशा उन्हात लवकर तापतो. डी750 सारखा आरशाचा कॅमेरा फोटो काढतानाच सेन्सर वापरत असल्यामुळे या बाबतीत अधिक निश्चिंत ठेवतो.

याच्या उलट, नव्या कॅमेऱ्याची जी खरी ताकद आहे ती मी कमी लेखत नाही. त्याचा इतिहास तुम्हाला पूर्ण ठाऊक असतो, कारण तो तुमच्यापासूनच सुरू होतो. डोळ्यांवर आपोआप फोकस धरण्याची सोय नवख्या हातालाही मोठा आधार देते. आणि काही बिघडले तर खर्च कंपनीचा. फक्त कॅमेरा दुरुस्तीला मुंबई किंवा पुण्याला जातो आणि हंगामात तो परत यायला दोन-तीन आठवडे सहज लागतात, हे गृहीत धरून चालावे लागते.

आता त्या डी750 बद्दल. तो 24 मेगापिक्सेलचा, दोन एसडी कार्ड स्लॉट असलेला कॅमेरा आहे आणि लग्नाच्या कामात त्याने नाव कमावले आहे. कमी प्रकाशात त्याच्या फायली आजही समाधान देतात. पण त्याची एक गोष्ट माहीत असलीच पाहिजे. सुरुवातीच्या काळात बनलेल्या काही डी750 कॅमेऱ्यांच्या शटरमध्ये दोष असू शकतो, अशी सूचना निकॉनने 2015 मध्ये काढली आणि पुढे तिची व्याप्ती वाढवली. आपला कॅमेरा त्यात येतो का, हे सिरियल नंबरवरून तपासण्याची सोय कंपनीने दिली होती. म्हणून विक्रेत्याकडून सर्वांत आधी सिरियल नंबर मागा, तो त्या यादीत येतो का ते पाहा, आणि येत असेल तर शटर बदलल्याची पावती आहे का ते विचारा. 2020 मध्ये डी780 आल्यानंतर डी750 मागे पडला आणि त्याचे उत्पादन थांबले, त्यामुळे पुढच्या काळात सुटे भाग मिळणे अवघड होत जाईल, हेही मनात धरा.

38 हजार शटर काउंटचा आकडा ऐकायला चांगला आहे. या कॅमेऱ्याचे शटर कंपनीने दीड लाख क्लिकपर्यंत चाचणी केलेले आहे. एका लग्नात एक छायाचित्रकार दोन ते चार हजार फोटो सहज काढतो, म्हणजे पंचवीस लग्नांच्या हंगामात 50 हजार ते एक लाख क्लिक होतात. यावरून उरलेले आयुष्य किती हंगामांचे आहे, याचा अंदाज येतो. निकॉनच्या कॅमेऱ्यात हा आकडा फोटोच्या मूळ फाइलमध्ये नोंदलेला असतो, त्यामुळे विक्रेत्याने आज काढलेला एक फोटो कोणताही बदल न करता मागवून घेतला की तो घरबसल्या पडताळता येतो. मात्र व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही नोंद पुसली जाते, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने मागवा. पण सारंगखेड्याच्या बाजारात दात पाहून घोड्याचे वय ओळखले तरी घोडा पळवून पाहिल्याशिवाय कोणी पैसे मोजत नाही, तसेच या आकड्याचे आहे. शटर बदलले असेल तर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू केलेली असू शकते. व्हिडिओचे तास त्या आकड्यात धरले जात नाहीत. म्हणून आकडा आणि अंगावरच्या खुणा यांचा मेळ बसतो का ते पाहावे. फ्लॅश बसवण्याच्या जागेवरचा रंग पूर्ण उडाला असेल, पट्ट्याच्या कड्या झिजल्या असतील, पकडीचे रबर सैल होऊन पांढरट पडले असेल आणि काउंट मात्र 38 हजार असेल, तर काहीतरी लपवले जात आहे असे समजावे.

कॅमेरा कोणत्या हवेत राहिला आहे, याला मी काउंटइतकेच महत्त्व देतो. आपली हवा वर्षातला बराच काळ कोरडी असते, त्यामुळे खानदेशातल्या कॅमेऱ्यांत धूळ, उन्हाने ढिले झालेले रबर आणि बटणांत अडकलेली माती आढळते, पण बुरशी तुलनेने कमी. मुंबई आणि कोकणपट्टीत याच्या उलट असते. समुद्राकाठच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे धरतात, आणि ती बुरशी काचेवरचा थर खाऊ लागली की साफ करूनही डाग राहतो. तुमची 24-120 लेन्स मुंबईहून येत असल्यामुळे ती बॉडीपेक्षाही (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यापेक्षाही) बारकाईने पाहा. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून मागच्या बाजूने मोबाइलची टॉर्च तिरकी धरायची आणि पुढून आत पाहायचे. दोन-चार धूलिकण दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. धागे किंवा पांढरट धुके दिसले तर लेन्स परत द्यावी, विक्रेता किंमत कितीही कमी करत असला तरी.

हवामानाखेरीज गेल्या काही वर्षांत एक नवे संकट वाढले आहे, ते म्हणजे वरातीतल्या डीजेच्या गाडीवरचे लेझर. लेझरचा झोत थेट लेन्समध्ये शिरला तर क्षणात सेन्सरवर कायमची रंगीत रेघ किंवा ठिपका उमटू शकतो. हे नुकसान साफ करून जात नाही, सेन्सरच बदलावा लागतो आणि त्याचा खर्च जुन्या बॉडीच्या किमतीच्या जवळ जातो. मिररलेसचा सेन्सर सतत उघडा असल्यामुळे त्याला हा धोका अधिक, आणि आरशाच्या कॅमेऱ्याला व्हिडिओ किंवा लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर दृश्य पाहून फोटो काढण्याची सोय) चालू असताना. लग्नात वापरलेला कोणताही कॅमेरा घेताना याची तपासणी मी कधीच टाळत नाही.

ही तपासणी दुकानात उभे राहून वीस-पंचवीस मिनिटांत होते. स्वतःची दोन कार्डे, चार्ज केलेला फ्लॅश आणि शक्य असेल तर लॅपटॉप सोबत न्या. लेन्सवर झाकण ठेवून काही सेकंदांचे काळे फोटो कमी आणि जास्त आयएसओवर (सेन्सरच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा) काढा. त्यात रेघ किंवा चमकणाऱ्या ठिपक्यांचा पुंजका दिसू नये. मग एफ 16 ठेवून, फोकस मुद्दाम घालवून, पांढरी भिंत टिपा. त्यात दिसणारे धुरकट काळे डाग धुळीचे असतात आणि ते साफ होतात, पण स्वच्छ कडा असलेला ओरखडा साफ होत नाही. दुकानाबाहेर येऊन 1/4000 च्या वेगाने मोकळ्या आकाशाचे काही फोटो घ्या. फोटोच्या एका बाजूला अंधाराची पट्टी येत असेल तर शटरची पाती नीट चालत नाहीत. समोरच्या इमारतीची विटांची किंवा खिडक्यांची सरळ भिंत 24 वर, मध्ये आणि 120 वर टिपून चारही कोपरे सारखे स्पष्ट येतात का ते पडद्यावर मोठे करून पाहा. एक कोपरा सतत पुसट येत असेल तर ती लेन्स कधीतरी पडलेली आहे. फोकस मधल्या बिंदूवर आणि कडेच्या बिंदूंवर, जवळच्या आणि दूरच्या वस्तूवर तपासा. दोन्ही कार्ड स्लॉटमध्ये एकाच वेळी फोटो लिहून पाहा. फ्लॅश बसवून टीटीएलवर (फ्लॅशचा प्रकाश किती ते कॅमेरा स्वतः ठरवतो ती पद्धत) दहा-बारा फोटो काढा, कारण फ्लॅशच्या जागेचे संपर्क झिजलेले असतील तर तो मधूनच पेटत नाही आणि हा दोष दोन फोटोंत कळत नाही. शेवटी बॅटरी बाहेर काढून सपाट टेबलावर ठेवा. ती डुलत असेल तर फुगलेली आहे.

कागदपत्रांबाबत मी तडजोड करत नाही. बॉडीच्या तळाचा सिरियल नंबर, खोक्यावरचा, बिलावरचा आणि फोटोच्या फाइलमध्ये नोंदलेला, हे चारही एकच असले पाहिजेत. खोके नसेल तर हरकत नाही, पण दुकानाच्या नावाचे, सिरियल नंबर लिहिलेले बिल मिळालेच पाहिजे. जुन्या कॅमेऱ्यांत चोरीचा माल येतो, आणि चोरीची वस्तू आहे हे माहीत असताना किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना ती घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. बिल हा तुमच्या प्रामाणिकपणाचा पुरावा आहे. त्याच बिलावर गॅरंटीची मुदत आणि तिच्यात काय येते हे विक्रेत्याच्या हस्ताक्षरात लिहून घ्या. सात दिवस फार थोडे आहेत. शहाद्याहून नंदुरबार गाठून, रेल्वेने जाऊन-येऊन तुमचे त्यातले दोन-तीन दिवस संपतील. किमान तीन महिने मागा. बॉडीवर विश्वास असलेला विक्रेता थोडे पैसे वाढवून का होईना, पण तयार होतो, असा माझा अनुभव आहे.

आता माझे मत सांगतो. वरच्या सगळ्या कसोट्यांवर तो कॅमेरा उतरला, तर तुमच्या कामासाठी मी डी750 घेईन, पण उरलेल्या 18 हजारांत, किंवा त्यात थोडी भर घालून, दुसरी जुनी बॉडीही घेईन. निकॉन डी7100 किंवा डी7200 हे क्रॉप सेन्सरचे कॅमेरे याच लेन्स आणि डी750 चीच बॅटरी वापरतात, कार्डेही तीच चालतात आणि त्यांनाही दोन स्लॉट आहेत. म्हणजे एक बॉडी थांबली तर लेन्स काढून दुसरीवर लावायची आणि काम पुढे चालू, हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. या दोन्ही बॉडींमध्ये फोकसची मोटर असल्यामुळे पुढे स्वस्तात मिळणारी जुनी 50 मिलिमीटर एफ 1.8 डी लेन्सही ऑटोफोकससह चालेल. डी3000 आणि डी5000 मालिकेतल्या लहान बॉडी मात्र स्वस्त दिसल्या तरी घेऊ नका, कारण त्यांच्यात ही मोटर नाही आणि अशा जुन्या डी लेन्सवर फोकस हाताने करावा लागतो. निकॉनच्या झेड मिररलेसवर एफटीझेड अॅडॉप्टर (जुन्या निकॉन लेन्स बसवण्याचा जोड) लावूनही अशा मोटर नसलेल्या लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही, म्हणून पुढे मिररलेसकडे जायचे असेल तर जुन्या लेन्सवर जास्त पैसे गुंतवू नका.

दोन तपासलेल्या जुन्या बॉडी एका नव्या बॉडीपेक्षा लग्नाच्या कामाला अधिक भरवशाच्या आहेत, असे मी ठामपणे म्हणतो. दुसरी बॉडी घेणे जमणारच नसेल आणि तुमच्या गुरूंचा एखादा कॅमेराही कामाच्या दिवशी सोबत मिळणार नसेल, तर मात्र माझे उत्तर बदलते. तेव्हा नवा मिररलेस घ्या, शक्य असेल तर किट लेन्सऐवजी त्याच माउंटची (त्या कॅमेऱ्यावर बसणारी) एफ 1.8 लेन्स जुनी पाहून घ्या, आणि पहिल्या हंगामात साखरपुडे, बारसे, हळद अशी लहान कामे स्वतंत्रपणे करून मोठी लग्ने कोणाच्या तरी जोडीने करा.

खरेदीची वेळही पाहा. चातुर्मासात लग्ने थांबतात, अनेक छायाचित्रकार पैशांच्या गरजेने किंवा नवे साहित्य घेण्यासाठी जुने कॅमेरे याच काळात विकायला काढतात, आणि घेणाऱ्यालाही तो कॅमेरा वापरून पाहायला मोकळे दिवस मिळतात. श्रावणात घेतलेल्या कॅमेऱ्याने कानबाईच्या उत्सवापासून नवरात्रापर्यंत भरपूर फोटो काढले, तर त्यातला दडलेला दोष तुळशीच्या लग्नाच्या आधीच समोर येतो आणि तीन महिन्यांची गॅरंटीही नवरात्रापर्यंत चालू असते. दिवाळीनंतर घाईने घेतलेल्या कॅमेऱ्याची पहिली परीक्षा थेट कोणाच्या तरी लग्नात होते.

मुंबईला जाण्याआधी त्या विक्रेत्याला आजच तीन गोष्टी लेखी विचारा: सिरियल नंबर काय, आजच्या तारखेचा मूळ फाइलमधला फोटो पाठवाल का, आणि बिलावर तीन महिन्यांची गॅरंटी लिहून द्याल का. तिन्हींची सरळ उत्तरे आली तर नंदुरबारहून गाडी धरा आणि दिवसाउजेडी दुकानात पोहोचा. एकाही उत्तराला टाळाटाळ झाली तर तो कॅमेरा सोडून द्या. डी750 मोठ्या संख्येने विकला गेलेला कॅमेरा आहे, दुसरा मिळेल.